खोट कुणाची? काळजाची घडण आणि बाईवरचा ठपका

(शिरूर अनंतपाळ, जि. लातूर येथे बचत गटांच्या बायका, आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्या मेळाव्यात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

आज मला तुमच्याशी काळजाबद्दल बोलायचं आहे. आपल्या बोलण्यात काळीज सारखं येतं. काळीज फाटलं, काळजाचा तुकडा, काळजाला घरं पडली. पण खरोखरीचं काळीज, छातीत धडधडणारं हृदय, ते पोटातल्या बाळात कसं तयार होतं आणि कधी कधी त्यात काही राहून का जातं, हे आपल्याला कुणी सांगत नाही. आणि कुणी सांगत नाही म्हणूनच एखाद्या लेकराच्या हृदयाला छिद्र निघालं की सगळं घर एकाच बाईकडे बघायला लागतं. हिनं ग्रहणात भाजी चिरली असेल. हिनं नको ते खाल्लं असेल. हिच्या माहेरचंच रक्त वाईट. हिच्या कुशीतच खोट.

ही खोट खरंच कुणाची, ते आज तपासून बघू. विज्ञानाची भाषा अवघड वाटते, पण विषय आपल्या पोटातला आहे. तो आपल्याला कळायलाच पाहिजे.

आधी आकडा सांगते. जन्माला येणाऱ्या दर हजार लेकरांत साधारण आठ-नऊ लेकरांच्या हृदयात जन्मजात काही ना काही दोष असतो. म्हणजे शंभरात जवळजवळ एक. हे प्रमाण सगळ्या जगात आहे. गोऱ्यांत आहे, काळ्यांत आहे, श्रीमंतांत आहे, गरिबांत आहे. ग्रहण न पाळणाऱ्या देशांतही आहे आणि पाळणाऱ्या घरांतही आहे. सगळ्यांत जास्त आढळणारा जन्मजात दोष हाच. जी गोष्ट शंभरात एका घरी घडते, तिला शाप म्हणायचं की शरीराच्या घडणीतली अडचण म्हणायची?

हृदय घडतं कसं

गर्भ राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात हृदयाची सुरुवात होते. तेव्हा ते हृदयासारखं दिसतही नाही. एक साधी, सरळ, बारीकशी नळी असते. बाविसाव्या दिवसाच्या सुमारास ही नळी आकसायला-फुलायला लागते, म्हणजे पहिला ठोका पडतो. मग ही नळी वाकते, पीळ घेते. आतून भिंती वाढतात, वरचे दोन आणि खालचे दोन असे चार कप्पे होतात, झडपा तयार होतात. एका मोठ्या रक्तवाहिनीच्या दोन होतात, एक फुप्फुसाकडे जाणारी आणि एक सगळ्या अंगाला रक्त पुरवणारी. आठव्या आठवड्यापर्यंत हे सारं काम जवळजवळ उरकलेलं असतं.

आता आपल्या हिशेबानं बघा. पहिला ठोका पडतो तेव्हा बाईची पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो. हृदय बांधून तयार होतं तेव्हा पाळी चुकून दीड महिना झालेला असतो. आपल्यातल्या कितीजणींना तोवर दिवस गेल्याची खात्री झालेली असते? कितीजणी तोवर दवाखान्यात गेलेल्या असतात? सासू म्हणते, सातव्या महिन्यात हिनं जड उचललं म्हणून लेकराच्या हृदयाला भोक पडलं. सातव्या महिन्यात भोक पडत नाही. भिंत पूर्ण व्हायची ती दुसऱ्या महिन्यातच राहून गेलेली असते. गरवार बाईला जड उचलायला लावू नये हे खरंच, पण ते तिच्या स्वतःच्या जिवासाठी. छिद्राचा आणि त्याचा संबंध नाही.

आणखी एक गंमत सांगते. इथं बसलेल्या प्रत्येकीच्या हृदयाला एकेकाळी छिद्र होतं. माझ्याही. पोटातल्या बाळाला श्वास घ्यायचा नसतो, त्याला प्राणवायू आईच्या रक्तातून मिळतो. म्हणून फुप्फुसाकडची वाट टाळण्यासाठी वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक खिडकी ठेवलेलीच असते. बाळ जन्मतं, पहिला टाहो फोडतं, फुप्फुसं फुलतात आणि ती खिडकी लोटली जाते. पुढे ती सांधते. मोठ्या माणसांतही साधारण चौघांत एकाची ती पूर्ण सांधलेली नसते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा 'छिद्र' हा शब्द ऐकून लगेच घाबरून जाऊ नका. खालच्या कप्प्यांमधली बारीक छिद्रं पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप बुजतात. कोणतं बुजेल आणि कोणतं शिवावं लागेल, हे मात्र तपासणीनंच कळतं.

नकाशा कुठून येतो

नळीनं कुठं वाकायचं, भिंत कुठं घालायची, हे त्या पेशींना सांगतं कोण? हे काम जनुकांचं. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, एकूण ४६. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक बापाकडून. निम्मं-निम्मं. या गुणसूत्रांवर शरीर बांधायच्या सूचना लिहिलेल्या असतात, त्या सूचना म्हणजे जनुकं. स्वयंपाकघरात भाकरी कुणी थापायची, चुलीकडे कुणी बघायचं हे ठरलेलं असतं, तसंच इथंही आहे. काही जनुकं मुकादमासारखी असतात. ती स्वतः विटा रचत नाहीत, दुसऱ्या जनुकांना 'आता तू लाग', 'आता तू थांब' असं सांगतात.

हृदयाचा असा एक मुकादम सापडला तो माणसात नव्हे, केळ्यावर घोंगावणाऱ्या चिलटासारख्या फळमाशीत. एक जनुक बिघडलं तर माशीच्या अळीत हृदयच तयार होत नाही, असं १९९३ साली रॉल्फ बॉडमर यांनी दाखवलं. या जनुकाला 'टिनमन' नाव पडलं, कारण इंग्रजी मुलांच्या एका गोष्टीतल्या पत्र्याच्या माणसाला काळीज नसतं. माणसातही याच कुळातलं जनुक आहे. काही घराण्यांत पिढ्यान्पिढ्या हृदयाच्या पडद्याला छिद्र आणि ठोक्यात अडथळा आढळत होता, त्यामागे या जनुकातला बदल आहे हे १९९८ साली सिद्ध झालं. त्याच्या आदल्या वर्षी टीबीएक्स-५ नावाचं जनुक सापडलं. ते बिघडलं तर हृदयाबरोबर हाताच्या अंगठ्याच्याही घडणीत दोष राहतो, कारण दोन्ही ठिकाणी तोच मुकादम काम बघतो. माशी आणि माणूस यांच्यात कोट्यवधी वर्षांचं अंतर आहे, पण काळजाचा मुकादम एकाच कुळातला. मग ब्राह्मणाचं रक्त वेगळं आणि मांगाचं वेगळं म्हणणाऱ्यांना काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

आता मुख्य मुद्दा. या सूचनांत चूक कुठून येते? तीन-चार वाटांनी येते.

पहिली वाट वारशाची. बदललेलं जनुक आईकडून येतं किंवा बापाकडून येतं. दोघांचा वाटा निम्मा, म्हणून शक्यताही सारखीच.

दुसरी वाट, एखादं गुणसूत्रच जास्तीचं येतं किंवा त्याचा तुकडा गळतो. एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन आलं की डाऊन सिंड्रोम होतो आणि अशा लेकरांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात दोष असतो. आईचं वय वाढलं की याची शक्यता वाढते हे खरं. पण ते वयाचं गणित आहे, बाईचा गुन्हा नाही.

तिसरी वाट, बदल आईतही नसतो आणि बापातही नसतो, नव्यानंच होतो. हजारो पानं उतरवून काढताना एखादं अक्षर चुकावं तसा. असे नवे बदल स्त्रीबीजापेक्षा पुरुषाच्या बीजात जास्त होतात आणि बापाच्या वयाबरोबर वाढतात, हे आता पक्कं ठाऊक झालं आहे. बाईचं वय काढणाऱ्या किती घरांत बापाचं वय विचारलं जातं?

चौथी वाट गर्भावर बाहेरून होणाऱ्या परिणामांची. तिच्याकडे पुढे येते. आणि पुष्कळ लेकरांत नेमकं एक कारण बोटानं दाखवताच येत नाही. अनेक लहान-लहान गोष्टी एकत्र येतात. कारण सापडत नाही म्हणजे कारण बाई आहे, असा अर्थ होत नाही.

हा ठपका आपल्याला नवा नाही. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजातल्या गुणसूत्रावर ठरतं, हे नेटी स्टीव्हन्स या बाईनं किड्यांचा अभ्यास करून १९०५ साली दाखवलं. त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. तरी मुलगी झाली म्हणून सून टाकणारी घरं आहेतच. म्हणजे नुसतं विज्ञान कळून भागत नाही. ते कुणाच्या हातात आहे आणि घरात कुणाचं चालतं, यावर सगळं ठरतं.

घरातल्या घरात सोयरीक

आता जरा नाजूक विषय. मामाची पोरगी, आत्याचा पोरगा, आणि आपण कर्नाटक-तेलंगणाला लागून असल्यामुळे काही समाजांत मामा-भाचीचंही लग्न. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या नातेसंबंधांवरच्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्रातली मामाच्या मुलीशी लग्नाची रीत नोंदवली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने अशी लग्नं निषिद्ध धरली, पण रूढी असेल तर सूट ठेवली.

प्रत्येक माणसात काही बिघडलेली जनुकं मुकाट पडून असतात. जोडीतलं दुसरं चांगलं असतं, त्यावर काम भागतं. नवरा-बायको परके असले तर दोघांचं तेच जनुक बिघडलेलं असण्याची शक्यता फार कमी. पण आते-मामे भावंडांत आठवा हिस्सा जनुकं सारखी असतात आणि मामा-भाचीत चौथा हिस्सा. दोघांकडेही तेच बिघडलेलं जनुक असलं, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते की लेकराला दोन्हीकडून बिघडलेलंच मिळेल. एक लेकरू आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा याचा अर्थ नाही. प्रत्येक खेपेला फासा नव्यानं पडतो.

याचा बाऊ करू नका, आणि डोळेझाकही करू नका. परक्यांच्या लग्नात शंभरातली दोन-तीन लेकरं काही ना काही जन्मजात दोष घेऊन येतात. चुलत-आते-मामे भावंडांच्या लग्नात हे प्रमाण साधारण चार ते सहा होतं. म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव-पंच्याण्णव लेकरं धडधाकट असतात. ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांनी जीवाला घोर लावून घेऊ नये. हृदयाचे दोषही अशा लग्नांत काहीसे जास्त आढळतात, पण सगळ्यांचं कारण तेच नाही.

माझा प्रश्न वेगळाच आहे. ही सोयरीक ठरवतं कोण? शेत बाहेर जाऊ नये, हुंडा कमी द्यावा लागावा, बहिणीचं माहेर तुटू नये, म्हणून मोठी माणसं ठरवतात. पोरीला विचारत नाहीत, पुष्कळदा तिचं वयही झालेलं नसतं. आणि पुढे लेकरू आजारी निघालं की तीच मोठी माणसं म्हणतात, हिच्या पोटी खोट. मामाच्या घरी दिलेल्या पोरीचं आणि तिच्या नवऱ्याचं रक्त एकाच आज्याचं आहे, हे तेव्हा कुणाला आठवत नाही. ज्यांनी ठरवलं त्यांनी जबाबदारी घ्यायची नाही आणि जिला विचारलंच नाही तिनं शिक्षा भोगायची, हा कुठला न्याय?

जे टाळता येतं ते

आता चौथी वाट. १९४१ साली ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मोतीबिंदू झालेली तान्ही बाळं एकामागून एक यायला लागली. त्यांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला एक साधा, अंगावर पुरळ उठवणारा ताप येऊन गेला होता. तो रुबेला. त्या बाळांपैकी पुष्कळांच्या हृदयातही दोष होते. आयांनी सांगितलेल्या हकिकती एका डॉक्टरनं खऱ्या मानल्या, म्हणून हे कळलं. आशाताईंनो, हे लक्षात ठेवा. बाई काय सांगते ते लिहून घेणं हेसुद्धा विज्ञान आहे.

रुबेलावर लस आहे. गोवर-रुबेलाची मोठी मोहीम आपल्या राज्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी. तेव्हा पंधराच्या पुढे असलेल्या पोरी त्यात नव्हत्या. आता त्यांची लग्नं होऊन त्यांना दिवस जात आहेत. ही लस गरोदरपणात चालत नाही, आधीच घ्यावी लागते. म्हणून लग्न ठरलेल्या मुलीला दागिने किती घालणार हे विचारण्याआधी, लस घेतलीस का, हे आपण विचारू या.

दुसरी गोष्ट साखर. दिवस जाण्याआधीपासून मधुमेह असेल आणि तो आटोक्यात नसेल, तर बाळाच्या हृदयात दोष राहण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. फिट्सच्या काही गोळ्यांनीही धोका वाढतो. पण त्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारून आधीच बदलून घ्यायच्या. फोलिक ॲसिडची गोळी बाळाच्या मेंदू-मणक्याच्या घडणीसाठी हवीच, हृदयालाही तिचा काही फायदा होत असावा असं काही अभ्यास सांगतात. ही गोळी दिवस जाण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू झाली पाहिजे, कारण हृदय कधी घडतं ते आपण आताच बघितलं. पाचव्या महिन्यात नाव नोंदवून गोळ्या मिळाल्या, तर ते घर बांधून झाल्यावर विटा आणून टाकल्यासारखं होतं. तेव्हा रक्तवाढीसाठी गोळ्या लागतातच, पण हे काम मात्र हुकलेलं असतं.

म्हणजे बाईची तब्येत गर्भासाठी नव्हे, तिच्या स्वतःसाठी आधीपासून सांभाळली गेली, तर गर्भाचंही भलं होतं. आपली सारी आरोग्यव्यवस्था बाई पोटुशी झाली की मगच तिच्याकडे बघते. हे उलटं करायला हवं.

पोरीचं काळीज स्वस्त का?

जन्मल्यावर बाळ दूध ओढताना दमत असेल, कपाळाला घाम येत असेल, वजन वाढत नसेल, वरचेवर न्यूमोनिया होत असेल, ओठ-नखं निळी पडत असतील, तर 'दृष्ट लागली' म्हणून मीठ-मोहरी ओवाळत बसू नका. हृदयाची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्यात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी व्हायची आहे, आणि जन्मजात हृदयदोष त्या यादीत आहे. पथक आलं नाही तर विचारा, का आलं नाही? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रिया आहेत.

पण योजना असूनही एक गाठ सुटत नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०११ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. ज्या लेकरांना हृदयाची शस्त्रक्रिया सांगितली होती, त्यांच्यापैकी वर्षभरात मुलांतल्या ७० टक्क्यांची झाली आणि मुलींतल्या फक्त ४४ टक्क्यांची. छिद्र तेच, डॉक्टर तेच, दवाखाना तोच. फरक एवढाच की ती पोरगी होती. छातीवर व्रण राहील, मग लग्न कसं व्हायचं, असंही आईबाप म्हणतात. गर्भात वाचलेली पोरगी अशी हळूहळू मरू दिली जाते आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात स्त्रीहत्या म्हणून होत नाही.

म्हणून इथं एका बाईचं नाव घेते, हेलन टाउसिग. हार्वर्डमध्ये बायकांना डॉक्टरीची पदवी देत नव्हते, म्हणून ती दुसरीकडे जाऊन डॉक्टर झाली. तिला ऐकू येईनासं झालं, तेव्हा लेकरांच्या छातीवर हात ठेवून ती ठोके ओळखायची. निळ्या पडणाऱ्या बाळांच्या फुप्फुसाकडे जास्त रक्त वळवलं तर ती वाचतील, ही कल्पना तिची. नोव्हेंबर १९४४ मध्ये आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी ती शस्त्रक्रिया केली. तिची पद्धत बसवणारे व्हिव्हियन थॉमस हे काळे तंत्रज्ञ होते आणि त्यांचं नाव कित्येक वर्षं कुणी घेतलं नाही. ज्या पहिल्या लेकरावर ती शस्त्रक्रिया झाली ती पंधरा महिन्यांची एक मुलगी होती. ती पुढे काही महिन्यांनी गेली, पण तिच्यामुळे वाट सापडली आणि मागून हजारो लेकरं जगली.

निकेताचा खटला

आता आपल्या राज्यातली एक घटना. २००८ साली मुंबईच्या निकेता मेहता यांच्या गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळला. ठोक्यांचा मार्ग बंद होता आणि मोठ्या रक्तवाहिन्यांची जागा चुकलेली होती. तोवर विसावा आठवडा उलटून गेला होता आणि १९७१ च्या कायद्याची मर्यादा वीस आठवड्यांची होती. निकेता, त्यांचे पती आणि डॉ. निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले. ४ ऑगस्ट २००८ रोजी न्यायालयाने परवानगी नाकारली. त्याच महिन्यात निकेताचा गर्भ आपोआप पडला.

हृदयाचे दोष सोनोग्राफीत नीट दिसतात ते अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान. म्हणजे दिसेपर्यंत कायद्याचं दार बंद होत होतं. या खटल्यानंतर तेरा वर्षांनी, २०२१ साली कायदा बदलला. आता ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही गर्भपात करता येतो. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, हेही ध्यानात ठेवा. मागितली तर विचारा, कुठल्या कायद्यात आहे?

आपल्या चळवळीला हा विषय सोपा नाही. आपणच लढून १९८८ साली महाराष्ट्रात गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध कायदा आणला, मग १९९४ साली तो देशात झाला. सोनोग्राफीच्या यंत्राकडे आपण संशयानं बघतो, आणि बघायलाच हवं. पण तेच यंत्र बाळाचं हृदयही दाखवतं. कोणी म्हणेल, व्यंग असलेला गर्भ नको म्हणणं आणि मुलगी नको म्हणणं यात फरक काय? अपंग मैत्रिणी हा प्रश्न विचारतात तेव्हा तो ऐकून घ्यायला हवा. मला फरक असा दिसतो. मुलगी असणं हा आजार नाही, तिला नाकारणं ही समाजाची खोट. आजारी लेकराला वाढवायचं की नाही, याचा निर्णय मात्र जिच्या देहात ते वाढतंय आणि जी पुढे रात्रंदिवस त्याचं करणार आहे, तिचा. पण तिचा निर्णय खरा मोकळा केव्हा? जेव्हा लेकरू ठेवायचं ठरवलं तर उपचार मिळतील, आणि नको ठरवलं तर सुरक्षित गर्भपात मिळेल, तेव्हा. दोन्ही दारं उघडी नसतील तर निवड कसली? आणि पुष्कळ हृदयदोष शस्त्रक्रियेनं पूर्ण बरे होतात, हे तिला निर्णयाआधी नीट सांगितलं गेलंच पाहिजे.

नवऱ्याला खाल्लं म्हणतात तेव्हा

शेवटचा विषय. तरणाताठा माणूस, शेतात काम करता करता किंवा कबड्डी खेळता खेळता एकाएकी कोसळतो आणि जातो. घरात त्याची बायको असते, विशीतली. लोक म्हणतात, पांढऱ्या पायाची आली आणि नवऱ्याला खाल्लं.

अशा काही मृत्यूंमागे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार असतो. साधारण पाचशे माणसांत एकाला तो असतो. १९९० साली क्रिस्टीन साइडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं पहिलं जनुक शोधलं. ते बदललेलं असलं तर प्रत्येक लेकराला, मग ते मुलगा असो की मुलगी, ते मिळण्याची शक्यता निम्मी. आता विचार करा. त्या माणसाचं जनुक त्याच्या जन्माआधीपासून त्याच्या पेशीत होतं. बायको त्याच्या घरात आली वीस-पंचवीस वर्षांनी. तिचा संबंध आला कुठून? मग काय सासूला दोष द्यायचा? मुळीच नाही. तिलाही ते तिच्या आईबापाकडूनच आलेलं असेल, नाही तर सासऱ्याकडून आलेलं असेल, नाही तर नव्यानंच झालेलं असेल. दोष एका बाईवरून उचलून दुसरीवर टाकायला आपण जनुकं शिकत नाही.

करायचं काय? अशा माणसाची भावंडं आणि लेकरं यांचा ईसीजी आणि इको काढून घ्यायचा. बहिणींचा आणि मुलींचाही. वेळेवर कळलं तर औषधं आहेत, जपता येतं.

याच आजाराशी जोडलेला एक शोध आपल्या शेजारच्या हैदराबादेतला आहे. सीसीएमबीचे के. थंगराज आणि इतर शास्त्रज्ञांनी २००९ साली दाखवलं की हृदयाच्या स्नायूचं एक प्रथिन बनवणाऱ्या जनुकात पंचवीस अक्षरं गळलेली, अशी माणसं आपल्या उपखंडात शंभरात सुमारे चार आहेत, आणि त्यांच्यात हृदय कमकुवत होण्याचा धोका जास्त दिसतो. म्हणजे शंभर बायकांच्या मेळाव्यात चौघी असायच्या. वर्तमानपत्रांतून घबराट झाली. पुढच्या वर्षांत आणखी तपासणी झाली तेव्हा दिसलं की नुसती ती अक्षरं गळलेली बहुतेक माणसं ठणठणीत राहतात. त्यांच्यापैकी थोड्यांत त्याच जनुकात आणखी एक बदल असतो आणि धोक्याचा मोठा वाटा त्या दुसऱ्या बदलाचा. विज्ञान असंच चालतं. काल सांगितलेलं पुन्हा तपासतं आणि दुरुस्त करतं. पोथी हे करत नाही.

पण उद्या सोयरीक जुळवताना कुंडलीच्या जागी जनुकांचा कागद मागितला जाईल. मुलाचा नव्हे, मुलीचाच मागितला जाईल, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या वेळी आपण सावध असलं पाहिजे. जनुक म्हणजे नशीब नव्हे आणि मुलीला नापसंत करायचं नवं हत्यारही ते होता कामा नये.

तेव्हा इथून उठताना आपण काही गोष्टी ठरवू या. आपल्या गावात ज्या बाईचं लेकरू हृदयाच्या दोषाचं आहे, तिच्या घरी आपण दोघी-तिघी जाऊ आणि सासू-सासऱ्यांसमोर, नवऱ्यासमोर सांगू की यात हिची चूक नाही. शस्त्रक्रिया सांगितलेल्या प्रत्येक मुलीची यादी आशाताई आणि बचत गट मिळून करतील, आणि ती झाली का, हे दर महिन्याच्या बैठकीत विचारतील. लातूरला जायचं गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी यांपायी कुणाची तपासणी राहत असेल, तर गटातून उसने देऊ. नव्या नवरीला लस आणि फोलिक ॲसिडची गोळी लग्नाआधी मिळावी, ही मागणी आरोग्य केंद्राकडे लेखी देऊ. आणि कुठल्याही विधवेला पांढऱ्या पायाची म्हटलेलं ऐकलं, तर गप्प बसणार नाही.

काळजाची घडण निम्मी आईची, निम्मी बापाची असते. मग त्याची काळजी आणि त्याची जबाबदारीही दोघांची, घराची, गावाची आणि सरकारची. एकट्या बाईनं ती वाहायची नाही. एवढं आज पक्कं करू या.